मागच्या बाकावरची धूळ

उघड्या जीपची हौस हल्ली पुन्हा आली आहे. २०१० साली महिंद्रची थार निघाली, २०२० मध्ये तिचं नवं रूप आलं, आणि आता लग्नाच्या वयाच्या मुलांना बंगल्याआधी थार हवी असते. जाहिरातीत ती वाळूतून, चिखलातून उड्या मारत जाते, पुढे बसलेल्यांचे केस वाऱ्यावर उडतात, आणि मागच्या बाकावर मात्र कुणीच नसतं. मैत्रिणींनो, आपली जागा बहुधा तीच, नाही का? मांडीवर मूल, पायाशी डब्याची पिशवी आणि तोंडावर पदर. म्हणून हे चार शब्द त्या मागच्या बाकावरून.

मूळ जीप दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली. आपल्याकडे महिंद्रने १९४७ पासून ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. सैनिकांसाठी केलेली गाडी, तीत साडीचा किंवा तान्ह्या बाळाचा विचार कोण करणार? तरी खेड्यापाड्यात तिने सगळी कामं केली. निवडणुकीचा प्रचार केला, बाळंतिणीला दवाखान्यात नेलं, आणि वडाप म्हणून तर एकेका जीपमध्ये किती माणसं बसली ते मोजायची सोयच नव्हती.

आमच्या थोरल्या जाऊबाई लोणी भापकरजवळच्या वस्तीवर राहतात. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि पाटाचं पाणी आठवतं. पण ते नीरा डाव्या कालव्याच्या बाजूचं. मोरगावच्या पुढचा हा भाग जिरायत. पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. गावात मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, पुढे देखणी पुष्करणी आहे, आणि अंगावर विष्णूच्या लहान लहान मूर्ती कोरलेला दगडी वराह आहे. पाहुणे तो पाहायला येतात आणि डांबरी रस्त्याने परत जातात. वस्तीकडे वळणारा रस्ता मात्र उन्हाळ्यात नुसता फुफाटा असतो. दूध घालायला, पोरांना शाळेत सोडायला जाऊबाई त्या रस्त्याने जुनी जीप चालवतात. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात मुलाचे जुने बूट. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

धुळीचं एक गुपित मला त्यांच्याकडूनच कळलं. गाडी पुढे पळते तेव्हा तिच्या पाठीशी हवेची पोकळी होते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाते. म्हणजे सगळ्यात जास्त धूळ मागे बसणारीच्या वाट्याला. पुढे बसणाऱ्यांना ती दिसतच नाही, त्यामुळे ‘कुठं आहे धूळ?’ असं ते अगदी मनापासून विचारतात! कापडी छत चढवून मागचा पडदा तेवढा उघडा ठेवणं तर सगळ्यात वाईट, कारण मग धूळ आत येऊन कोंडते. एक तर सगळे पडदे नीट बंद करावेत, नाही तर चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. वेग कमी केला की धूळ निम्म्याने तरी कमी झाल्यासारखी वाटते. पुढे दुसरी गाडी असेल तर तिचा लोट बसेपर्यंत सरळ थांबावं. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. दोन गाड्या मिळून निघाल्या असतील तर हे आधीच बोलून ठेवावं. पुरुषमंडळींना मागे राहणं म्हणजे हरणं वाटतं, त्याला इलाज नाही.

आता आपली तयारी. डोक्याला त्या दिवशी तेल नको, धूळ चिकटून लगदा होतो. वेणी घालून वर मलमलचा रुमाल बांधावा. ओढणी किंवा पदर मोकळा सोडू नये. उघड्या गाडीत तो वाऱ्याने बाहेर जातो आणि चाकात अडकला तर गळ्याला फास बसतो. हे भीती घालायला सांगत नाही, अशी दुखणी खरोखर झालेली आहेत. करोनाच्या दिवसांतले एन-९५ मास्क कपाटात उरले असतील तर ते काढावेत. बारीक धूळ साध्या रुमालाने अडत नाही, आणि घरात कुणाला दमा असेल तर एवढं कराच. डोळ्यांत कण गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं. मुलांना मागे उभं राहू देऊ नये, कितीही रडली तरी. रेक्झिनची सीट वैशाखात तव्यासारखी तापते, तिच्यावर जुनी गोधडी टाकावी. डब्याला दोन फडकी, आतलं कोरडं आणि बाहेरचं जाड. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी धुळीच्या वाटेला सगळ्यात बरी. रस्सा न्यायचा हट्ट धरणाऱ्यांनी तो स्वतःच्या मांडीवर धरावा.

उन्हाचं मात्र फसवं असतं. उघड्या जीपमध्ये वाऱ्याने घाम लगेच वाळतो, अंग कोरडंच राहतं, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. घरी पोहोचल्यावर डोकं ठणकायला लागतं आणि मग आपण ‘ऊन बाधलं’ म्हणतो. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट सगळ्यांना पाजावेत. उलटी-जुलाब किंवा फार गळाठा आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मिठाचं माप वाढवू नये. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं की वाऱ्याने पाणी आपोआप गार राहतं. तेवढा एक फायदा त्या वाऱ्याचा!

मागच्या जूनमधली गोष्ट. मी वस्तीवर गेले होते. संध्याकाळचं वीस लिटर दूध घेऊन आम्ही निघालो. भाऊजी चालवत होते, जाऊबाई, मी आणि दोन पोरं मागे. पश्चिमेकडून ढग आला आणि गडगडायला लागलं. भाऊजी म्हणाले, “पाच मिनिटांचा रस्ता, जाऊ बुंगाट.” जाऊबाईंनी वाटेतल्या शाळेपाशी गाडी थांबवायला लावली. “जायचं असंल तर तुम्ही जावा. मी अन् पोरं हितंच थांबतोय.”

भाऊजी चिडले, पण थांबले. आम्ही शाळेची खोली उघडून घेऊन आत बसलो. जाऊबाईंचं बरोबर होतं. बंद मोटारीत वीज पडली तर ती पत्र्यावरून जमिनीत उतरते आणि आतली माणसं बहुधा वाचतात. उघड्या जीपला आणि कापडी छताला तो आधार नाही. रबरी टायर वाचवतात हा समजही खोटा. झाडाखाली किंवा जीपला टेकून उभं राहणं तर नकोच. पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर आणखी अर्धा तास थांबावं.

तो अर्धा तास महागात पडला. दूध केंद्र बंद झालं होतं. भाऊजी घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि आल्यावर पैशांचा हिशेब मांडून बसले. जिरायतीच्या घरात वीस लिटर म्हणजे लहान गोष्ट नव्हे, त्यांचाही राग मला समजला. आम्ही दोघी जावा रात्री चुलीवर दुधाचा खवा आटवत बसलो. जाऊबाईंनी ना माफी मागितली, ना वाद घातला. नुसतं उलथनं फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीप काढतच नव्हत्या. काळ्या मातीला वाफसा आल्याशिवाय चाक घालायचं नाही म्हणाल्या. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मग नक्षी बुजते आणि गाडी साबणावर घसरल्यासारखी चालते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात, पुढची चाकं जोडायला आणि जोर वाढवायला. ते रुतल्यावर नव्हे, चिखलाच्या अलीकडेच टाकायचे, आणि मग एका संथ चालीने, मध्ये गिअर न बदलता पार व्हायचं. दहा वाजता ऊन चढल्यावर निघालो तेव्हा किल्ली जाऊबाईंच्या हातात होती आणि भाऊजी मागे, खव्याचा डबा मांडीवर घेऊन.

घरी परतल्यावर एक करा. गोधडी आणि कपडे लगेच पाण्यात घालू नका. आधी दोरीवर टाकून काठीने झोडपा, उन्हात ठेवा, पुन्हा झटका, आणि मगच भिजवा. सुक्या धुळीला पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि सुती कापडात बसलेला तो मळकट डाग तीन धुण्यांतही निघत नाही.