चाळिशी उलटलेली अणुभट्टी आणि व्हरमाँटचा नकार

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं छोटं, डोंगराळ राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कनेक्टिकट नदीच्या काठी वसलेल्या व्हर्नन गावात १९७२ साली ‘व्हरमाँट यांकी’ हा अणुवीज प्रकल्प सुरू झाला. पुढे कित्येक वर्षं राज्याच्या विजेचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा तिथून येत होता. प्रकल्पाचा चाळीस वर्षांचा परवाना मार्च २०१२ मध्ये संपणार होता. मालक असलेल्या एंटर्जी कंपनीनं २००६ मध्ये आणखी वीस वर्षांची मुदतवाढ मागितली आणि तिथून जो झगडा सुरू झाला तो विधिमंडळ, न्यायालय आणि रस्ता अशा तिन्ही ठिकाणी लढला गेला.

हा वाद आपण समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या आहेत, म्हणजे व्हरमाँट यांकीपेक्षाही जुन्या. त्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. जुन्या भट्टीच्या मुदतवाढीबद्दल बोलताना समर्थक आणि विरोधक दोघांच्याही तोंडी काही ठरलेली विधानं येतात. व्हरमाँटमध्ये प्रत्यक्षात जे घडलं ते त्यातल्या बऱ्याच विधानांशी जुळत नाही.

गैरसमज : चाळीस वर्षं भरली की भट्टीचं आयुष्य संपतं

चाळीस हा आकडा अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातला. तो ठरवताना भांडवलाची परतफेड आणि मक्तेदारीला आळा या गोष्टी विचारात घेतल्या होत्या. पोलाद किती वर्षं टिकेल, या हिशेबातून तो आलेला नाही. काही भागांची रचना मात्र पुढे ‘चाळीस वर्षं’ गृहीत धरूनच झाली, त्यामुळे आकडा अगदीच निरर्थक आहे असंही म्हणता येत नाही. भारतात अशी चाळीस वर्षांची रेषा नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी परवाना देतं आणि दर दहा वर्षांनी सुरक्षेचा सविस्तर आढावा घेतला जातो.

गैरसमज : सगळे भाग बदलता येतात, मग वयाचा प्रश्न उरतोच कुठे?

पंप, झडपा, टर्बाइनचे भाग बदलतात, हे खरं. पण अणुभट्टीचं मुख्य पात्र, त्याभोवतीचं काँक्रीटचं आवरण, भिंतींतून गेलेल्या मैलोगणती केबली हे सगळं बदलणं जवळपास अशक्य असतं. न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्यानं पात्राचं पोलाद ठिसूळ होत जातं. तापणं-निवणं, दाब चढणं-उतरणं यांच्या फेऱ्यांनी धातू थकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तोच नियम इथेही लागू आहे. म्हणून मुदतवाढीच्या परीक्षेत मुख्यतः अशाच, न हलणाऱ्या आणि न बदलता येणाऱ्या भागांच्या झिजेवर लक्ष कसं ठेवणार, हे तपासलं जातं.

गैरसमज : विरोध करणारे अणूच्या नावानं घाबरलेले, विज्ञान न कळणारे लोक

हा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. ‘न्यू इंग्लंड कोअलिशन’ ही संघटना १९७१ पासून या प्रकल्पाच्या मागे होती. तिनं आणि खुद्द व्हरमाँटच्या सार्वजनिक सेवा खात्यानं संघराज्याच्या अणु-नियामक आयोगाच्या न्यायिक मंडळापुढे घेतलेले आक्षेप तांत्रिक होते : नळकांड्यांच्या तोंडाशी धातूचा थकवा किती, वाहत्या पाण्यानं पाइप किती झिजणार, वाफ कोरडी करणाऱ्या यंत्रणेला तडे गेले तर काय. २००८ मध्ये मंडळानं धातूच्या थकव्याबाबत कंपनीचा हिशेब अपुरा ठरवला. आयोगानं २०१० मध्ये त्या निकालाचा काही भाग फिरवला, पण प्रश्न फेटाळून लावण्याजोगा नव्हता हे तोवर दिसून आलं होतं.

शिवाय आधीचा अनुभव होताच. ऑगस्ट २००७ मध्ये प्रकल्पाच्या शीतकरण मनोऱ्याचा एक भाग कोसळला. फुटक्या पाइपातून धो-धो पाणी पडतानाचं छायाचित्र राज्यभर पोचलं. कोसळलेल्या भागाचा भट्टीच्या सुरक्षेशी थेट संबंध नव्हता, हे खरं. पण डोळ्यांना दिसणाऱ्या लाकडी सांगाड्याची निगा नीट राखली जात नसेल, तर न दिसणाऱ्या पोलादाचं काय, असं लोकांनी विचारलं. हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसानं विचारावा असाच आहे.

गैरसमज : गळती झाली आणि पाणी विषारी झालं. किंवा उलट : गळती क्षुल्लक होती, लोकांनी उगाच बाऊ केला

जानेवारी २०१० मध्ये प्रकल्पाच्या आवारातल्या निरीक्षण-विहिरीत ट्रिटियम सापडलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिटियमची मर्यादा लिटरला वीस हजार पिकोक्युरी आहे. आवारातल्या एका विहिरीत हे प्रमाण पुढे वीस लाखांच्या वर गेलं. पण त्या निरीक्षण-विहिरी होत्या, त्यांचं पाणी कुणी पीत नव्हतं. ट्रिटियमचा किरणोत्सर्ग दुबळा असतो, त्वचा भेदून तो आत जात नाही, ट्रिटियम शरीरात गेलं तरच धोका. गावकऱ्यांच्या पिण्याच्या विहिरींत दूषण आढळलं नाही.

मग एवढा संताप कशाचा? त्याआधी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी राज्याच्या यंत्रणांना सांगितलं होतं, की किरणोत्सर्गी द्रव वाहून नेणारे भूमिगत पाइप या प्रकल्पात नाहीतच. गळती झाली ती भूमिगत पाइपांमधूनच. ट्रिटियमच्या आकड्यांवर तज्ज्ञ वाद घालू शकत होते, या विधानावर वाद घालायला जागा नव्हती. २४ फेब्रुवारी २०१० रोजी राज्याच्या सिनेटनं मुदतवाढीविरुद्ध २६ विरुद्ध ४ असं मतदान केलं. विरोधाची खरी वीण इथे दिसते. जमिनीखाली काय आहे हे सांगणाऱ्यावरचा विश्वास उडाला, आणि एकदा तो उडाल्यावर सुरक्षेचे अहवाल कितीही जाड असले तरी ते वाचून कुणाचं समाधान होईना.

गैरसमज : राज्यानं नाही म्हटलं की प्रकल्प थांबतो

अमेरिकी कायद्यानुसार किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर निर्णय फक्त संघराज्याच्या नियामक आयोगाचा. वीज हवी का, परवडते का, हे राज्य ठरवू शकतं, पण ‘असुरक्षित वाटते म्हणून नको’ असं राज्याला म्हणता येत नाही. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात स्पष्ट केली होती. व्हरमाँटच्या आमदारांनी सभागृहात सुरक्षेबद्दल मोकळेपणानं भाषणं केली, आणि नेमकी तीच नोंद कंपनीनं भरलेल्या खटल्यात, जानेवारी २०१२ मध्ये, संघीय न्यायालयात राज्याच्या विरोधात गेली. मनातली चिंता बोलून दाखवली म्हणून हरावं लागणं, हे मला आजही खटकतं.

आयोगाच्या सुनावणीतही दार अरुंदच होतं. आणीबाणीत गावं रिकामी कशी करणार, घातपातापासून संरक्षण काय, हे विषय मुदतवाढीच्या कक्षेत बसत नाहीत. ते रोजच्या देखरेखीत पाहिले जातात, असं उत्तर मिळतं. नियमाच्या भाषेत ते बरोबर आहे. पण संध्याकाळी कामावरून येऊन सभेत उभं राहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की आपलं ऐकलं जाणार नाही.

१० मार्च २०११ ला आयोगानं मुदतवाढ मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी जपानमध्ये भूकंप झाला. फुकुशिमात कोलमडलेल्या भट्ट्यांचं आवरण व्हरमाँट यांकीच्याच ‘मार्क १’ घडणीचं होतं. तरीही २१ मार्चला परवाना हाती पडला. वर्षभरानं, मूळ मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ब्रॅटलबरो इथल्या कंपनीच्या कचेरीसमोर १३० हून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. त्यांत ९३ वर्षांच्या शांततावादी कार्यकर्त्या फ्रान्सिस क्रोही होत्या.

गैरसमज : आंदोलनानं प्रकल्प बंद पाडला

न्यायालयात कंपनी जिंकली. ऑगस्ट २०१३ मध्ये अपील न्यायालयानंही मुख्य मुद्द्यावर तिचीच बाजू घेतली. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत कंपनीनं प्रकल्प बंद करण्याचं जाहीर केलं. नैसर्गिक वायू स्वस्त झाला होता, एकट्या भट्टीचा खर्च निघत नव्हता. २९ डिसेंबर २०१४ ला ती थांबली. प्रकल्प बंद होण्याची किंमतही होती : सुमारे ६०० नोकऱ्या, आणि २०१५ मध्ये न्यू इंग्लंडच्या वीजनिर्मितीतल्या कार्बन उत्सर्जनात झालेली वाढ. मुदतवाढीला विरोध करणाऱ्यांनी ही बाजूही नजरेआड करता कामा नये.

गैरसमज : भट्टी बंद, प्रश्न मिटला

वापरलेलं इंधन अजून व्हर्ननमध्येच, नदीकाठी, पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत आहे. ते न्यायला देशात कायमची जागाच नाही.

पण बंद पडल्यानंतर एक गोष्ट वेगळी घडली. प्रकल्प मोडून जागा स्वच्छ करण्यासाठी तो नॉर्थस्टार कंपनीला विकायचं ठरलं, तेव्हा राज्यानं विरोधकांनाही वाटाघाटीला बसवलं. पैसा किती बाजूला ठेवायचा, माती किती स्वच्छ करायची, यावर महिनोन्महिने चर्चा झाली. मार्च २०१८ मध्ये झालेल्या करारावर राज्याच्या खात्यांबरोबर स्थानिक अबेनाकी आदिवासींच्या एल्नू समूहानं सही केली, आणि सत्तेचाळीस वर्षं विरोध करत आलेल्या न्यू इंग्लंड कोअलिशननंही.