दगडाची तुळई आणि खांबांची दाटी

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा येथील दगडी बावलीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, खांबांची जी लयबद्ध रांग दिसते, तिच्यातील अंतरे शिल्पकाराच्या हौसेपेक्षा दगडाच्या स्वभावाने अधिक ठरली आहेत. दोन खांबांवरची तुळई भाराने किंचित वाकते, तेव्हा तिची वरची बाजू आवळली जाते, म्हणजे तिच्यावर दाब येतो, आणि खालची खेचली जाते, म्हणजे तिच्यावर ताण येतो. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु त्याची ताण सोसण्याची क्षमता ढोबळमानाने दहाव्या हिश्शाइतकीच असल्याने लांब तुळई खालून तडकते. खांब जवळ आणणे हा एक उपाय. दुसरा अधिक देखणा, तो खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे दगडी हात काढून तुळईचा अधांतरी भाग आखूड करण्याचा, आणि मराठी मुलखातील मंदिरांत भार पेलणाऱ्या गुबगुबीत आकृती, म्हणजे कीचक, कोरले गेले ते नेमके याच जागी. अंबरनाथच्या 1060 च्या शिवमंदिरात छतासाठी कदलिकाकरण, म्हणजे प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवण्याची पद्धत, वापरले असून त्या थरांच्या आकुंचत्या वर्तुळांनाच कोरीव छताचे रूप लाभले आहे. कमान मात्र सारा भार दाबात वळवते. घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमानच, म्हणूनच विजापूरच्या गोल घुमटाखाली मध्ये एकही खांब नाही, पण बाहेर रेटणारा जोर पेलण्यासाठी भिंती अवाढव्य जाड आहेत. आजच्या काँक्रीटच्या तुळईत ताण सोसणाऱ्या मुख्य सळ्या तळाशी असतात, तर पुढे काढलेल्या सज्जात ताण वरच्या बाजूला येत असल्याने त्या वर ठेवाव्या लागतात.