धावल्यानंतर लागणारी धाप

शालेय वर्ष सुरू झाले की काही पालक रुग्णालयाच्या कार्यालयात एक दाखला मागण्यास येतात. पाल्यास श्वासाचा त्रास असल्याने खेळाच्या तासातून सूट मिळावी, असा तो दाखला. लिहून देणे पाच मिनिटांचे काम. तथापि आमचे डॉक्टर तपासणीविना तो देत नाहीत. त्यामागील कारण पालकांनी व देणगीदारांनीही समजून घ्यावे.

धावताना मूल तोंडाने जलद श्वास घेते. नाकावाटे गेलेली हवा उबदार व दमट होते. तोंडावाटे ती बरीचशी कोरडी व गारच श्वासनलिकांपर्यंत पोहोचते. नलिकांच्या अस्तरातील ओलावा उडतो, पेशींतून काही द्रव्ये स्रवतात आणि भोवतालचे स्नायू आवळतात. विशेष म्हणजे हा त्रास बहुधा थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि साधारण तासाभरात ओसरतो. डॉक्टरांपुढे येईपर्यंत छाती स्वच्छ! मग 'नाटक करतो' असा शिक्का बसतो.

यासाठी स्पायरोमेट्री उपयोगी पडते. धावण्यापूर्वी व नंतर, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा मोजतात. त्यात 10 टक्के वा अधिक घट आढळल्यास निदानास आधार मिळतो. प्रत्येक धाप दमा नसते. रक्ताची कमतरताही कारण असू शकते. काहींचा घसा ऐन श्रमात आकसतो; श्वास आत घेताना आवाज येतो व थांबताच काही मिनिटांत निवळतो. तेथे पंपाचा उपयोग होत नाही.

दमा असल्यास खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे व डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेणे, एवढ्याने पुष्कळांचे भागते. वरचेवर तात्पुरत्या आरामाचाच पंप लागत असेल, तर मूळ दाह शमविणारे औषध हवे. 'पंपाची सवय लागते' ही समजूत मात्र निराधार आहे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना हा विकार होता. त्यांनी 41 पदके मिळविली. लहानपणापासून दमा असलेल्या पॉला रॅडक्लिफ यांनी 2003 मध्ये लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला होता.

चाचणीस येताना मुलास धावण्याचे बूट घालून आणावे. पंप किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांना विचारावे. दरम्यान त्रास झाल्यास पंप अवश्य द्यावा व चाचणीसाठी दुसरा दिवस मागून घ्यावा.