जबड्याच्या चित्रांत हाडांची वार्ता

दांत दुखूं लागला, कीं तो सर्व घरास जागें करतो. हाडें मात्र मुकाट्यानें झिजतात. रजोनिवृत्तीनंतर शरीरांतील इस्ट्रोजेन कमी होतें आणि हाडांची झीज भरून येण्यापेक्षां अधिक वेगानें होऊं लागते. वेदना नाहीं, ताप नाहीं. न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें, तेव्हां कोठें ऑस्टिओपोरोसिसचें नांव घरांत प्रथम ऐकूं येतें.

ही सूचना आधीं मिळण्याचा एक मार्ग दंतवैद्याकडून जातो. दांत काढण्यापूर्वीं पुष्कळदां दोन्ही जबड्यांचें सलग क्ष-किरण-चित्र घेतात. खालच्या जबड्याच्या तळाशीं टणक हाडाचा एक पांढरा पट्टा त्यांत दिसतो. निरोगी हाडांत त्याची आंतली कड रेखीव असते. हाड विरळ झालें, कीं ती कुरतडल्यासारखी दिसते आणि पुढें सारा पट्टाच सच्छिद्र होतो. फिनलंडांतील क्लेमेट्टी व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं या अवस्थांचे तीन वर्ग सांगितले. हनुवटीच्या बाजूस मज्जातंतू बाहेर पडण्याचें जें छिद्र असतें, त्याच्या खालीं पट्ट्याची जाडी ३ मिलिमीटरहून कमी भरल्यास पुढील तपासणी करवावी, असें ऑस्टिओडेंट या युरोपीय संशोधनावरून २००७ सालीं सुचविण्यांत आलें.

मात्र हें निदान नव्हे. ही केवळ सूचना होय. पट्टा जाड दिसला म्हणून निर्धास्त होऊं नये, बारीक दिसला म्हणून घाबरूंही नये. निर्णय खुब्याच्या व कण्याच्या डेक्सा तपासणीनें होतो. तींतील टी-अंक उणे २.५ किंवा त्याहून खालीं असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजतात. केवळ हाडें पाहण्यासाठीं दांतांचें चित्र काढविणेंही योग्य नाहीं. दांतांसाठीं तें काढलेंच असेल, तर त्यांतील पट्टा कसा आहे, एवढें दंतवैद्यांस अवश्य विचारावें. उलट, हाडांच्या बळकटीसाठीं औषध चालू असल्यास दांत काढण्यापूर्वीं तें त्यांना सांगावें. कांहीं औषधांमुळें क्वचित् जबड्याची जखम भरून येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत प्रत्येकाच्या औषधाची वेळ जिच्या ध्यानांत असते, तिच्या स्वतःच्या हाडांची चौकशी बहुधा कोणीच करीत नाहीं. तिला दंतवैद्याकडे नेणाऱ्या मुलानें वा सुनेनें हा एक प्रश्न विचारला, तर पुढचें कित्येक वर्षांचें अंथरूण कदाचित् टळेल.