पाथरवट पणजोबांचा शोध

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कान्हाचा अंतेवासी बलक याने हे घडविले, असा तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. राजे, दानशूर व्यापारी यांची नावे लेण्यांत पुष्कळ सापडतात. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आणि त्याचा गुरू आपल्याला कळतो, तो या एका ओळीमुळे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणाचे पणजोबाही दगड घडवीत असतील. पूल, धरणे, देवळे, वाडे उभे राहिले. त्यांवर घडविणाऱ्याचे नाव बहुधा नाही. म्हणून शोध आपणच घेतला पाहिजे.

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पणजोबा कोणत्या खाणीवर होते? काम कोणाच्या हाताखाली शिकले? मजुरी रोख मिळे की धान्य? छिन्नी-हातोडा घेऊन कोणकोणत्या गावी मुक्काम पडला? पणजीबाई खडी फोडीत होत्या काय, हेही विचारावे. बाईचे कष्ट सांगायचे राहून जातात.

मग कागदपत्रे. गाव नमुना नं. १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून चौकशी करावी. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. जुनी नोंद मोडीत असल्यास मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावी.

मृत्यूच्या नोंदीत ‘दमा’ किंवा ‘खोकला’ आढळला तर तिथे थांबून विचार करा. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसे निकामी होतात. एका शब्दावरून खात्री देता येणार नाही. पण धंदा आणि आजार शेजारी लिहून ठेवावेत. आजही खाणीत जाणाऱ्या आपल्या मुलांना त्यातून सावध करता येईल.

हे सारे एका वहीत लिहा. माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, हेही नोंदवा. ऐकीव गोष्ट व कागदावरची गोष्ट वेगळी ठेवा. घरातली आजी सांगण्याच्या स्थितीत आहे तोवरच हे काम होईल. तेव्हा येत्या रविवारीच मुलांना वही घेऊन तिच्याजवळ बसवा.