टक्का कुठे वाढला, कुठे अडला

महाराष्ट्र विधानसभेच्या १९८० सालच्या निवडणुकीत ५३ टक्के मतदान झालं. पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये, तेच ७१.६९ टक्क्यांवर गेलं. राज्याच्या इतिहासात विधानसभेला इतकं कमी आणि इतकं जास्त मतदान पुन्हा झालेलं नाही. एवढ्या काळात लोक तेच होते, बरेचसे मतदार तर नावानिशी तेच होते. मग अठरा टक्क्यांचा फरक कुठून आला?

१९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. मे महिन्याच्या अखेरीस, ऐन उन्हात, लोकांना पुन्हा मतदानाला बोलावलं गेलं. हवा कुणीकडे आहे हे जानेवारीतच कळलं होतं. ज्याचा निकाल ठरल्यासारखा वाटतो त्यासाठी माणूस मैलभर चालत जात नाही. १९९५ ची गोष्ट नेमकी उलट होती. मुंबईच्या दंगली आणि बॉम्बस्फोट ताजे होते, सत्तांतर होऊ शकेल असं गावोगावी बोललं जात होतं. काँग्रेसमधल्या बंडखोरीने तर जवळजवळ प्रत्येक तालुक्यात खरी लढत उभी केली. त्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, यावरून चुरशीची कल्पना येईल. वरून मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेला दात आणि मतदाराला ओळखपत्र दिलं होतं. आपल्या मताने काहीतरी हलणार आहे, असं त्या वर्षी लाखो लोकांना वाटलं. माझ्या मते मतदानाच्या चढउताराचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं मतदार यादीत आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

यादीची गोष्ट अगदी पहिल्या निवडणुकीपासून सुरू होते. १९५१-५२ मध्ये सतरा कोटींहून जास्त नावं लिहून काढायची होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे अडचण आली ती बायकांच्या नावांची. उत्तरेतल्या अनेक भागांत बायका स्वतःचं नाव सांगायलाच तयार होईनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशाच नोंदी होऊ लागल्या. सेन यांनी त्या नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो. तिथे नमतं घेतलं असतं तर या देशातली बाई पुढची कित्येक वर्षं कुणाची तरी कुणीतरी म्हणूनच मत देत राहिली असती. त्या निवडणुकीत देशभरात ४५ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला मत देता आलं ते या साध्या युक्तीमुळे.

१९६२ साली देशात ६३ टक्के पुरुषांनी मत दिलं आणि जेमतेम ४७ टक्के स्त्रियांनी. दोघांत सोळा-सतरा टक्क्यांचं अंतर होतं. २०१९ च्या लोकसभेला ते पुरतं मिटलं आणि स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या, २०२४ मध्येही पुढेच राहिल्या. आपल्या लोकशाहीत गेल्या साठ वर्षांत झालेला एवढा मोठा बदल मला दुसरा दिसत नाही, आणि तो कुठल्याही एका सरकारने घडवलेला नाही. शाळा, बचत गट, पंचायतीतल्या राखीव जागा, एकटीने घराबाहेर पडण्याची सवय, सगळ्यांनी थोडा थोडा हातभार लावला. महाराष्ट्रात विधानसभेला स्त्रिया अजूनही किंचित मागे आहेत. २०२४ मध्ये राज्यात ६५ टक्क्यांवर स्त्रियांनी मत दिलं. २०१९ पेक्षा हे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांनी जास्त होतं. त्याचं सगळं श्रेय लाडकी बहीण योजनेला देणारे बरेच आहेत. त्या योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या दीड हजार रुपयांचा परिणाम झाला नाही असं कुणी म्हणणार नाही, पण साठ वर्षांची चढती रेघ त्या एका योजनेच्या नावावर लिहिणं बायकांवर अन्याय आहे.

मताला वजन आहे असं वाटलं की काय होतं, याचा सर्वांत सुंदर दाखला १९६७ च्या दक्षिण मुंबईत सापडतो. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे, केंद्रीय मंत्री, काँग्रेसचे खजिनदार. त्यांच्यासमोर उभे होते पस्तिशी ओलांडलेले कामगार नेते आणि नगरसेवक जॉर्ज फर्नांडिस. त्यांच्या प्रचाराचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: पाटलांना पाडता येतं, तुम्ही पाडू शकता. धोरणं, आश्वासनं, सगळं त्यानंतर. मतदाराला आधी हे शक्य आहे एवढंच सांगायचं होतं. पाटील पडले. देशभरातही त्या वर्षी मतदान पहिल्यांदा ६१ टक्क्यांवर गेलं. पुढे आणीबाणीनंतरच्या १९७८ च्या विधानसभेला महाराष्ट्रात साडेसदुसष्ट टक्के मतदान झालं, त्यामागेही हीच भावना होती.

त्याच दक्षिण मुंबईत २००९ साली जे झालं ते अजून सलतं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला पाच-साडेपाच महिने झाले होते. गेटवेसमोर मेणबत्त्या घेऊन हजारो लोक जमले होते, पुढाऱ्यांवर राग होता, आता बस्स झालं म्हणत होते. ३० एप्रिलला मतदान आलं. गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. मुंबईत सरासरी ४१ टक्के मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत चाळीस टक्क्यांच्या जरा वर. राग होता, पण तो मतदान केंद्रापर्यंत पोचला नाही. जोडून सुट्टी आली हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्या वस्तीत पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना यांतलं काहीच नगरसेवकाकडे मागावं लागत नाही, तिथे मताचं काम काय, हा प्रश्न त्या मतदानामागे होता. तो लोकांनी मोठ्याने विचारला नाही, घरी बसून विचारला. शेजारच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत नळाला पाणी हवं असतं, म्हणून तिथला माणूस रांगेत उभा राहतो.

पण सगळ्या शहरी मतदारांना आळशी ठरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. इथे यादी आडवी येते. समजा एका केंद्राच्या यादीत हजार नावं आहेत. त्यातले दीडशे जण वारले, घर बदलून गेले किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले. ५१० लोकांनी मत दिलं तर आपण ५१ टक्के लिहितो आणि शहराला बोल लावतो. खरं तर तिथे राहणाऱ्या साडेआठशेंपैकी ६० टक्के मतदान झालेलं असतं. भाड्याची घरं, पुनर्विकासाला गेलेल्या इमारती, दर दोन वर्षांनी बदलणारा पत्ता हे मुंबई-पुणे-ठाण्याचं रोजचं जगणं आहे. पाच-सात पिढ्या एकाच आळीत राहणाऱ्या गावाची यादी आणि कल्याण-डोंबिवलीची यादी एकाच मापाने कशी मोजायची?

दुसरी बाजू याहून वाईट आहे. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात हजारो लोक ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परत आले. वर्षानुवर्षं मत देणारी माणसं होती ती. मुंबईतही तेच झालं. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर माफी मागावी लागली. परत पाठवलेला असा एक माणूस पुढच्या वेळी घरातल्या चौघांना घेऊन येत नाही, याची मोजदाद कुठेच होत नाही.

आता गडचिरोलीकडे पाहा. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराच्या धमक्या, रस्त्यावर पेरलेले सुरुंग, हेलिकॉप्टरने पोचणारी मतदान पथकं, आणि सुरक्षेसाठी दुपारी तीनलाच संपणारं मतदान. एवढं असून २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७१.८८ टक्के मतदान झालं, राज्यात सर्वांत जास्त. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबई आणि कल्याण पन्नासच्या उंबरठ्यावर अडकली. जंगलातून पायी येणाऱ्या माणसाला मताची किंमत शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, त्याला सरकारची गरज जास्त आहे आणि सरकार त्याच्या दारी क्वचित येतं. पाच वर्षांतून एकदा ते स्वतःहून येतं, तेव्हा तो हजर राहतो.

ऊसतोड कामगारांची कथा वेगळी. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून कोयते घेऊन निघालेली कुटुंबं तोपर्यंत कारखान्यांच्या दिशेने वाटेला लागायची. नाव गावच्या यादीत, माणूस फडात. दूर राहूनही मत देता येईल असं यंत्र आयोगाने २०२३ च्या सुरुवातीला पक्षांना दाखवायचं ठरवलं होतं. पक्षांनी शंका काढल्या आणि विषय मागे पडला. पक्षांच्या शंका निराधार होत्या असं मी म्हणत नाही, पण स्थलांतरित मजुराचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

ग्रामपंचायतीला मात्र हाच मजूर, हाच चाकरमानी सुट्टी काढून येतो. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाचं सावट असताना, राज्यातल्या बारा हजारांवर ग्रामपंचायतींना सरासरी ऐंशी टक्क्यांच्या घरात मतदान झालं. उमेदवार भावकीतला, पॅनेल ओळखीचं, आणि दोन मतांनी गुलाल इकडचा तिकडे होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पैसा आणि पाठवलेल्या गाड्याही असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून टक्का जास्त म्हणजे लोकशाही निरोगी, हे समीकरण मी मानत नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला. हजारो लोक केंद्रावर गेले ते कुणीच नको हे सांगायला. त्यांचं मतदान मला पैसे घेऊन दिलेल्या मतापेक्षा मोलाचं वाटतं.

२०२४ च्या लोकसभेला मुंबईत उन्हात तासन् तास रांगा लागल्या, सावली नव्हती, मोबाइल कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. टीका झाली तेव्हा आयोगाने विधानसभेला मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं आणि शहरांतल्या गृहसंकुलांत व उंच इमारतींत हजाराहून जास्त केंद्रं उघडली. राज्यात ६६.०५ टक्के मतदान झालं, १९९५ नंतरचं सर्वांत जास्त. करवीरमध्ये ते ८५ टक्क्यांच्या घरात गेलं, कुलाब्यात ४४ च्या आसपास थांबलं. वाढीव टक्क्यावर आणि लोकसभेनंतर वाढलेल्या सुमारे ४० लाख नावांवर विरोधकांनी आक्षेप घेतले, आयोगाने ते फेटाळले. एक गोष्ट त्या वादातून स्पष्ट झाली: यादी हा आता राजकारणाचा मुख्य विषय झाला आहे. तो फार आधी व्हायला हवा होता.

घर बदललं असेल तर नमुना ८ भरा, घरातल्या मुलाला अठरा पूर्ण होत असतील तर नमुना ६, आणि घरातलं कुणी गेलं असेल तर त्यांचं नाव काढण्यासाठी नमुना ७. हे काम मतदानाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. ते आत्ताच करा, आणि शेजारच्या भाडेकरूलाही सांगा.