शाळकरी खेळाडूचा सत्कार: हार एकाच गळ्यात का?

जिल्ह्यात चमकलेल्या शाळकरी खेळाडूंचे सत्कार हल्ली जोरात होतात, आणि व्हायलाच हवेत. फक्त सन्मानपत्रावर प्रशिक्षकाचं नावही हवं. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघेही रमाकांत आचरेकरांचे शिष्य. सर सरावात स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे, शेवटपर्यंत टिकला तर सचिनला. विकेट सहज फेकायची नाही, हे अंगात मुरतं ते असं. आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला १९९० चा, म्हणजे सचिन कसोटी खेळू लागल्यावर. ज्यांचा विद्यार्थी तिथवर पोचतच नाही, त्या क्रीडाशिक्षकांची दखल मग गावानेच घ्यायची.

कोवळ्या वयातल्या हारतुऱ्यांनी दडपण येतं, हा आक्षेप खोटा नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात एकाच डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्यानंतरची त्याची प्रत्येक खेळी त्याच आकड्याशी ताडली जाणार हे उघड होतं. पण दोष आकड्याच्या कौतुकाचा आहे. शाल-श्रीफळाऐवजी बूट, किट, प्रवासखर्च द्या. दडपण वाढणार नाही. ‘शिक्षकाला पगार मिळतोच की!’ असंही म्हणतात. मिळतो, पण तासिकांचा. पहाटेचं मैदान त्यात धरलेलं नसतं.

तुमच्या तालुक्यात प्रशिक्षकांचा सत्कार होतो का? कसा, ते कमेंटमध्ये सांगा. काही विचारायचं असेल तर तेही.